एका पाण्याचे दोन धनी

मुंबईहून हावड्याकडे जाणारी गाडी गोंदिया सोडून सालेकसा-दरेकसाच्या डोंगरात शिरते, बोगदा ओलांडते आणि थोड्याच वेळात महाराष्ट्राची हद्द मागे पडते. डोंगरगड जाते, राजनांदगाव जाते. पण खिडकीबाहेरचा देखावा फारसा बदलत नाही. भंडारा-गोंदियाकडे दिसतात तशाच बांधांनी आखलेल्या लहान लहान बांध्या, मधूनमधून एखादा तलाव, त्याच्या पाळीवर आंब्याची किंवा पिंपळाची झाडे, आणि सर्वत्र भात. दुर्ग स्टेशन गेले, की मात्र या हिरव्या पटावर एकाएकी धुराडी उभी राहतात. शीतकमनोऱ्यांतून निघणारी पांढरी वाफ आणि रात्रीची वेळ असेल तर आभाळावर पसरलेला तांबूस उजेड, हे भिलाईचे दर्शन.

भातशेतीच्या ऐन गाभ्यात पोलादाचा एवढा मोठा कारखाना का उभा राहिला? फेब्रुवारी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाबरोबर करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. जागा ठरविताना दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज, नंदिनीची चुनखडी, बालाघाटकडील मँगनीज आणि मुंबई-हावडा लोहमार्ग यांचा विचार झाला, हे सर्वांना ठाऊक असते. पण या यादीत एक गोष्ट अशी होती, की जी खाणीतून निघत नाही आणि मालगाडीने आणताही येत नाही. ती म्हणजे पाणी. ते जवळच तयार होते. तांदुला जलाशयात साठविलेले होते. मात्र ते पोलादासाठी साठविलेले नव्हते.

१८९७ आणि १९०० या दोन वर्षांच्या दुष्काळांनी छत्तीसगढची दैना उडविली. त्यानंतर १९०१ ते १९०३ या काळात नेमलेल्या सिंचन आयोगाने, तोवर पाटबंधाऱ्यांच्या बाबतीत उपेक्षित राहिलेल्या मध्य प्रांतात पीकरक्षणासाठी जलाशय बांधण्याचा पुरस्कार केला. तांदुला आणि सुखा या नद्यांच्या संगमावर, बालोदजवळ, विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मातीचे धरण उभे राहिले, ते या विचारातून. मराठी कानाला नदीचे नावही कसे अन्नाशी जुळणारे वाटते! जलाशयाची क्षमता सुमारे ३० कोटी घनमीटर. वरुणराजाने हस्त नक्षत्रात पाठ फिरविली, तर पोटरीत आलेल्या भाताला एखाददुसरे पाणी मिळावे, इतकाच त्याचा मूळ हेतू. बारमाही बागाईत फुलविण्याचा संकल्प तेथे नव्हता.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि या पाण्याला दुसरा धनी मिळाला. कारखाना वाढला तशी त्याची तहान वाढली. तांदुल्याच्या जोडीला गोंदली, खरखरा हे जलाशय आले. पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस धमतरीजवळ गंगरेल येथे महानदीवर सुमारे ३२ टीएमसी क्षमतेचा रविशंकर सागर तयार झाला आणि महानदीचे पाणी पूरक कालव्याने भिलाईकडे वळविण्यात आले. या सागराखाली पन्नासहून अधिक गावे गेली. त्यांच्या पुनर्वसनाचे गाऱ्हाणे न्यायालयापर्यंत पोहोचले. पोलादाच्या किमतीत हा आकडा कधी धरला जात नाही.

पाऊस वेळेवर पडला, तर दोन्ही धन्यांचे बरे चालते. दुर्गच्या परिसरात वर्षाकाठी सरासरी ११०० ते १२०० मिलिमीटर पाऊस पडतो; सोलापूर-अहिल्यानगरकडील शेतकऱ्याला हा आकडा ऐकून हेवाच वाटेल. परंतु त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. खरी परीक्षा असते ती ऑक्टोबरात. भात निसवत असताना आठ-दहा दिवस शेत कोरडे पडले, तर लोंब्या पोचट राहतात. मग नोव्हेंबरात कितीही पाणी दिले तरी उपयोग नसतो. इकडे झोतभट्टीलाही थांबणे माहीत नाही. तिच्या कवचातील शीतनळ्यांतून पाणी अखंड फिरते ठेवावे लागते. ते थोडा वेळ जरी थांबले, तरी कवच जळून मोठा अपघात होऊ शकतो. कोकभट्ट्या तर एकदा पेटविल्या, की वर्षानुवर्षे विझवीत नाहीत, कारण निवताना त्यांच्या विटा तडकतात. १९८७ आणि २००२ च्या राष्ट्रीय जलनीतींनी पिण्याच्या पाण्याखालोखाल शेतीला आणि त्यानंतर उद्योगाला स्थान दिले. पण कागदावरचा हा क्रम तापलेल्या भट्टीला समजावून सांगता येत नाही.

‘कारखान्याने शेतकऱ्याचे पाणी नेले,’ ही तक्रार यातून जन्मते. ती खरी आहे काय? थोडे गणित केले, तर उत्तर वाटते तितके सरळ नाही असे दिसेल.

भारतीय पोलाद प्राधिकरणाच्या कारखान्यांत अलीकडच्या वर्षांत एक टन कच्चे पोलाद तयार करण्यास तीन ते चार घनमीटर पाणी खर्ची पडते. उलट, एक किलो भात पिकविण्यास सरासरी अडीच हजार लिटर, म्हणजे एका टनाला अडीच हजार घनमीटर पाणी लागते, असा जागतिक संशोधनाचा हिशेब आहे. एका टनाला चार आणि एका टनाला अडीच हजार! हा आकडा पुढे करून पुष्कळ लोक शेतकऱ्यालाच उधळ्या ठरवितात. तसे करणे अन्यायाचे आहे. भाताच्या खाती धरलेल्या पाण्यापैकी मोठा भाग शेतावर पडलेल्या पावसाचा असतो; तो कोणाच्याही जलाशयातून आलेला नसतो. शिवाय बांधीत उभे असलेले पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या विहिरीला, नाल्याला पुन्हा भेटते.

आता दुसऱ्या बाजूने पाहू. टनाला साडेतीन घनमीटर या दराने पन्नास लाख टन पोलादाला वर्षाला पावणेदोन कोटी घनमीटर पाणी लागेल; वसाहतीचे आणि वीजघरांचे निराळे. तांदुल्याच्या पूर्ण क्षमतेचा हा साधारण सतरावा हिस्सा. थोडा वाटतो. पण एका हेक्टरला दहा सेंटिमीटरचे एक पाणी द्यायचे, तर एक हजार घनमीटर लागतात. म्हणजे पावणेदोन कोटी घनमीटरांत साडेसतरा हजार हेक्टरांना ऑक्टोबरातले ते निर्णायक पाणी मिळू शकते. वाटेत निम्मे मुरले-गळले असे धरले, तरी जवळपास नऊ हजार हेक्टरांना. कालव्याच्या शेपटाकडे ज्याची बांधी आहे, त्याच्या दृष्टीने हा सतरावा हिस्सा म्हणजे संबंध वर्षाचे पीक असते. तेव्हा भांडण एकूण पाण्याचे थोडे आणि ऑक्टोबरच्या पाण्याचे फार आहे.

कारखान्याच्या बाजूने पुष्कळ करता येते आणि बरेच झालेही आहे. पूर्वी थंडाव्यासाठी घेतलेले पाणी एकदा वापरून सोडून देण्याची रीत होती. आता तेच पाणी शीतकमनोऱ्यात निववून पुन्हा पुन्हा फिरवितात. प्रत्येक फेरीत थोडे वाफ होऊन जाते आणि उरलेल्यातील क्षार वाढले म्हणून थोडे बदलावे लागते. नवे पाणी लागते ते या तुटीपुरते. तापलेला कोक पाण्याच्या फवाऱ्याने विझविण्याऐवजी बंद कोठीत नायट्रोजनासारख्या निष्क्रिय वायूने थंड करण्याची पद्धतही आली आहे. तिच्यात पाणी वाचते आणि कोकच्या उष्णतेतून वीजही मिळते.

शेताच्या बाजूचा प्रश्न अधिक नाजूक आहे. छत्तीसगढची जुनी रीत ‘बियासी’ची. आपल्याकडे पूर्व विदर्भात आवत्या टाकतात, तसे पहिल्या पावसात धान फेकून पेरायचे. महिना-सव्वा महिन्याने बांधीत वीतभर पाणी साचले, की त्या उभ्या पिकातच हलका नांगर फिरवायचा. ऐकणाऱ्याला हा वेडेपणा वाटेल, पण त्यात तण गाडले जाते, दाट रोपे विरळ होतात आणि मुळांना हवा मिळते. मजूर थोडे आणि पाऊस बेभरवशाचा अशा प्रदेशाने शोधलेली ही युक्ती आहे. तिचा दोष एवढाच, की पाणी साचेपर्यंत नांगर धरता येत नाही. पाऊस लांबला, की बियासी लांबते, तण माजते आणि उत्पन्न घटते. म्हणून रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने पेरणीयंत्राने ओळीत धान पेरण्याचा प्रचार केला. ओळीतले तण कोळप्याने काढता येते. पाणी साचण्याची वाट पाहावी लागत नाही. पीक आठ-पंधरा दिवस लवकर हाती आले, तर मागच्या ओलीवर हरभरा किंवा लाखोळी साधते. लाखोळीतील पांगळेपण आणणारे द्रव्य कमी असलेला ‘महातिवडा’ हा वाण याच विद्यापीठाने काढला.

या विद्यापीठाजवळ आणखी एक ठेवा आहे. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात गावोगाव हिंडवून जमविलेल्या हजारो देशी भातवाणांपासून सुरू झालेला संग्रह आज २३ हजारांच्या पुढे गेला आहे. त्यात भाटा जमिनीवर साठ-सत्तर दिवसांत हाती येणारे हळवे वाण आहेत, तसे खोलगट कन्हार जमिनीत दीर्घकाळ उभे राहणारे गरवेही आहेत. ऑक्टोबरचे पाणी लागूच नये असे भात हवे असेल, तर त्याचे बीज कदाचित या कपाटांतच असेल.

भाताला सतत पाणी तुंबवून ठेवावे लागते, हा समजही संशोधनाने ढिला केला आहे. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सुचविलेले साधन पोराने बनवावे इतके साधे आहे. फूटभर लांबीची, भोके पाडलेली नळी बांधीत अर्धीअधिक पुरायची आणि आतली माती काढून टाकायची. नळीतील पाणी जमिनीखाली पंधरा सेंटिमीटरपर्यंत उतरले, की पाणी द्यायचे; तोवर नाही. मुळे तेवढ्या खोलीतून ओल घेऊ शकतात. फक्त फुलोऱ्याच्या आगेमागे आठवडाभर शेत कोरडे पडू द्यायचे नाही. यात उत्पन्न न घटता तीस टक्क्यांपर्यंत पाणी वाचू शकते. शिवाय तुंबलेल्या, हवा नसलेल्या चिखलात जे जंतू मिथेन वायू निर्माण करतात, त्यांचे कामही अधूनमधून शिरणाऱ्या हवेने बंद पडते.

इतके सोपे साधन तांदुल्याच्या कालव्यावर सर्रास का दिसत नाही? दोष शेतकऱ्याच्या अज्ञानाचा नव्हे. ज्याच्या घरी पंप आहे, त्याला वाचलेल्या पाण्यात वीज आणि पैसा दिसतो. कालव्यावरच्या शेतकऱ्याची पाणीपट्टी क्षेत्रावर ठरते, पाण्याच्या मापावर नाही. शिवाय तेथे पाणी या बांधीतून त्या बांधीत उतरत जाते. वरच्याने शेत सुकविले, तर खालच्याला पाणी पोहोचेलच असे नाही. आणि आज घेतले नाही, तर पुढचे आवर्तन केव्हा येईल याची शाश्वती कोण देणार? खात्री नसलेला माणूस मिळेल ते पाणी भरून ठेवतो. बांधीतील नळीच्या आधी वितरिकेच्या मुखाशी मोजणारे यंत्र आणि आवर्तनाची पाळली जाणारी तारीख हवी. नव्या संवेदकांनी जलाशयाची व कालव्याची पातळी दूरच्या कार्यालयात क्षणात कळते. ती शेपटाकडच्या गावाला कळविण्यास कोणते तंत्र आड येते, हे कोडेच आहे.

पोलाद भाताकडून घेते तसे काही देतेही. कोकभट्टीतील वायूत अमोनिया असतो. गंधकाम्लात तो शोषला, की अमोनियम सल्फेट तयार होते. त्यात सुमारे २१ टक्के नत्र असते, आणि पाणथळ जमिनीत अमोनियाच्या रूपातील नत्र भाताला चांगले मानवते. झोतभट्टीची धातुमळी पाण्याच्या माऱ्याने दाणेदार करून सिमेंटात जाते. पोलादभट्टीच्या मळीत चुना, सिलिका आणि थोडा स्फुरद असतो. आम्लधर्मी जमिनीला चुना हवा, भाताच्या ताठ पानांना सिलिका हवी. जपानने १९५५ सालीच सिलिकायुक्त मळीला खत म्हणून मान्यता दिली. भारतातही यावर प्रयोग चालू आहेत. मात्र मळीत क्रोमियम, व्हॅनेडियम यांसारख्या धातूंचा अंश असू शकतो. तो दाण्यात उतरत नाही, याची अनेक हंगामांची खात्री होण्यापूर्वी ती शेतावर पसरण्याची घाई करू नये.

ऑक्टोबरचे पाणी मोकळे करण्याचा सर्वांत जवळचा मार्ग मात्र वेगळ्याच दिशेने दिसतो, आणि त्याचा दाखला विदर्भात आहे. नागपूरच्या भांडेवाडी येथे शहराचे सांडपाणी शुद्ध करून दररोज १३ कोटी लिटर पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला देण्याची योजना झाली. तेवढे पेंचचे पाणी मोकळे झाले. दुर्ग-भिलाई नागरी क्षेत्राची लोकसंख्या २०११ साली दहा लाखांवर होती. माणशी शंभर लिटर सांडपाणी धरले, तरी दिवसाला दहा कोटी लिटर आणि वर्षाला साडेतीन कोटी घनमीटरांहून अधिक पाणी होते. वर काढलेल्या पावणेदोन कोटींच्या हे दुप्पट आहे. शीतकमनोऱ्यांना पिण्याजोगे पाणी लागत नाही. नीट शुद्ध केलेले सांडपाणी चालते. आणि शहराच्या गटारांना हस्त नक्षत्र कोरडे गेले, तरी पूर तोच असतो.