शिवसुमनाची निगा

साताऱ्याहून परळीच्या वाटेने सज्जनगड चढणाऱ्या भाविकाचे चित्त समर्थांच्या समाधीकडे लागलेले असते, आणि म्हणून ज्या काळ्या पाषाणाच्या फटींत मूठभर मातीही ठरत नाही तेथे पिढ्यान् पिढ्या तग धरून राहिलेल्या शिवसुमनाकडे त्याचे लक्ष सहसा जात नाही. सज्जनगड, शिवनेरी, वज्रगड, महाबळेश्वर, रंधा धबधबा अशी सह्याद्रीतील मोजकी स्थळे सोडली तर ही बहुवर्षायू मांसल वनस्पती जगात अन्यत्र कोठेही निसर्गतः उगवत नाही. निकोल डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचे वर्णन प्रसिद्ध केले तेव्हा सर बार्टल फ्रिअर मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते, आणि त्यांच्या सन्मानार्थ तिला ‘फ्रेरिआ इंडिका’ हे नाव मिळाले. हेच फ्रिअर त्यापूर्वी साताऱ्याच्या दरबारी रेसिडेंट होते आणि १८४८ साली राजे निवर्तल्यावर संस्थानाचा कारभार त्यांच्याच हाती गेला होता.

हिच्या कुळातील माकडशिंगीसारख्या वनस्पतींना नावापुरतीच पाने असतात. शिवसुमनाला मात्र पावसाळा सुरू झाला की चांगली रुंद, लंबगोल पाने फुटतात आणि कोरडे दिवस आले की ती गळून केवळ करड्या-हिरव्या, बोटाएवढ्या जाड कांड्या उरतात. या दुहेरी संसाराचे मर्म १९७७ साली लांगे आणि त्सुबर या संशोधकांनी प्रसिद्ध केले. पाने इतर सामान्य झाडांप्रमाणे दिवसा हवेतील कर्बवायू घेतात, तर खोड आपली रंध्रे रात्रीच्या गारव्यात उघडून तो वायू आम्लरूपाने साठवते आणि दिवसा, रंध्रे मिटलेली असताना, सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्या साठ्यापासून अन्न तयार करते. पाणी मुबलक असेल तेव्हा पानांनी वेगाने वाढ साधावी आणि अवर्षणात खोडाने थेंबही वाया न घालवता प्राण राखावा, अशी ही तजवीज आहे. एकाच देहात दोन्ही रीती अशा नांदताना पाहून मला आजही विस्मय वाटतो.

बागेत हिची निगा राखायची ती हेच वेळापत्रक मानून. पाने गळू लागली की झाड मरते आहे या समजुतीने पाणी वाढवणे हाच सर्वांत घातक उपाय होय, कारण त्या अवस्थेतील खोड ओलाव्याने बुडापासून कुजते. तेव्हा पाणी जवळजवळ बंदच करावे आणि कांड्या सुरकुतू लागल्या तरच थोडे शिंपडावे. मुरूम, जाडी वाळू आणि विटांचा चुरा यांत अगदी थोडे पानांचे खत मिसळून, बुडाला मोठे छिद्र असलेली उथळ कुंडी भरावी, आणि कांड्या कड्यावरल्याप्रमाणे खाली लोंबू शकतील अशी ती टांगावी. साताऱ्याच्या पश्चिमेकडील धुवाधार पावसात कुंडी वळचणीच्या आत हवी. जत, आटपाडी, माण या अवर्षणप्रवण मुलखात ती पावसात उघडी ठेवली तरी चालते, पण चैत्र-वैशाखात दुपारची सावली हवीच. मुळांशी व कांड्यांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण लपतो, त्याची पाहणी करण्यात हयगय करू नये.

रोपासाठी गडावरील कांडी तोडण्याचा विचारही मनात आणू नये. मुळात झाडे मोजकी, आणि कड्यावरील प्रत्येक झाड त्या जागेचे वंशबीज आहे. बागेत वाढलेल्या झाडाची वीतभर कांडी कापून, तिची जखम सावलीत आठवडाभर सुकू दिली आणि मग कोरड्या मिश्रणात रोवली, तर ती विनासायास मूळ धरते.

पावसाळ्याच्या अखेरीस दोनेक सेंटिमीटर रुंदीची, गडद किरमिजी रंगावर पिवळे ठिपके मिरवणारी, कडांना जांभळ्या लवेची झालर असलेली पंचकोनी फुले येतात. त्यांचा दर्प माणसाला न रुचणारा असला तरी माश्या त्यावर येतात आणि परागपुंज वाहून नेतात. सबब या दिवसांत कुंडी घरात न घेता उघड्यावरच राहू द्यावी. निमुळत्या जोडशेंगा धरल्या तर त्या उकलण्यापूर्वी विरळ कापडाची पिशवी बांधावी, एरवी रेशमी तंतूंचे झुबके ल्यालेले बी वाऱ्यासरशी उडून जाते, आणि जमवलेले बी ताजे असतानाच पेरावे.