ताटातला त्यांचा वाटा

रविवारी दुपारी वालाचं बिरडं चापलं की संध्याकाळी पोट गुरगुरायला लागतं आणि घरात वालाच्या नावाने खडे फुटतात. वाल बिचारे निर्दोष. त्यांच्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात, आणि त्या तोडणारं विकर माणसाच्या पचनमार्गात तयारच होत नाही. (मोड आणल्यावर या साखरा कमी होतात, संपत नाहीत.) जठर आणि सगळं लहान आतडं ओलांडून त्या जवळजवळ जशाच्या तशा मोठ्या आतड्यात उतरतात. तिथले जीवाणू त्यांच्यावर तुटून पडतात. गुरगुर होते ती त्यांची पंगत बसल्यामुळे.

हे जेवणारे किती? रॉन मिलो आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये मांडलेला हिशेब असा: एका माणसात सुमारे 38 लाख कोटी जीवाणू, बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. माणसाच्या स्वतःच्या पेशी 30 लाख कोटी. वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतचा मुंबई उपनगर जिल्हा 2011 च्या जनगणनेत जेमतेम 94 लाखांचा होता. तसे 40 लाख जिल्हे एका पोटात, आणि सगळ्यांचं मिळून वजन 200 ग्रॅम!

हे फुकटे नाहीत. ज्वारीच्या भाकरीतला, पालेभाजीतला जो चोथा आपल्याला पचत नाही तो आंबवून ते ब्युटिरेट नावाचं आम्ल बाहेर टाकतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना लागणारी बरीचशी ऊर्जा यातूनच मिळते. आपल्याच शरीराची एक भिंत दुसऱ्यांच्या उष्ट्यावर उभी आहे.

याहून थक्क करणारी गोष्ट आईच्या दुधात आहे. पाणी, दुग्धशर्करा आणि स्निग्धांश सोडले तर त्यात सर्वाधिक भरतो तो विशिष्ट साखळी-शर्करांचा घटक. आणि बाळाला त्या पचवता येत नाहीत! त्या असतात बायफिडोबॅक्टेरियम या जीवाणूंसाठी. तान्ह्या मुलाला पाजताना आई आणखी कोट्यवधींना पाजत असते, आणि तेही त्या मुलाच्याच भल्यासाठी.

मग कोण काय खातं तसे जीवाणू पोटात वाढणार, हे ओघानेच आलं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या योगेश शौचे यांच्या गटाने आपल्याकडची पोटं तपासली. 2012 मध्ये त्यांनी एकाच छपराखाली राहणाऱ्या तीन पिढ्यांचे नमुने पाहिले. कुटुंबं दोनच होती, पण वयाबरोबर जीवाणूंचं प्रमाण बदलताना दिसलं. 2016 च्या अभ्यासात भारतीयांच्या आतड्यात प्रीव्होटेला आणि मेगास्फेरा हे दोघे ठळकपणे जास्त निघाले. प्रीव्होटेला धान्य-कडधान्याच्या जेवणावर पोसला जातो. मेगास्फेराचा सख्खा भाऊबंद मेंढीच्या पोटात रवंथाच्या चाऱ्यावर राहतो. हे वाचून मला उगाच अभिमान वाटला.

पण हे रहिवासी कायमचे नसतात. थायलंडहून अमेरिकेत गेलेल्या निर्वासितांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. काही महिन्यांतच त्यांच्या पोटातले प्रकार घटू लागले आणि प्रीव्होटेलाची जागा बॅक्टेरॉइडिस घेऊ लागला.

दह्याने हे भरून निघतं का? या कल्पनेचा एक धागा थेट परळला पोहोचतो. तिथल्या संस्थेला ज्यांचं नाव आहे त्या वाल्डेमार हाफकिन यांचे ओडेसातले गुरू म्हणजे इल्या मेचनिकॉव्ह, 1908 चे नोबेल मानकरी. आंबट दुधाने म्हातारपण लांबतं, असं त्यांनी जगाला सांगितलं. गंमत म्हणजे मोठ्या आतड्यातल्या जीवाणूंना ते विष तयार करणारे शत्रूच समजत होते. दही चांगलंच, पण त्यातले जीवाणू बहुतेक वाटसरू. आतड्यात मुक्काम ठोकत नाहीत. घाटकोपरच्या खाऊ गल्लीतल्या डोशाचं पीठ फुगवणारा ल्यूकोनोस्टॉक तर तव्यावरच संपतो.

आजारांबद्दल मात्र जपून बोलावं. मधुमेहापासून नैराश्यापर्यंत सगळ्याचं खापर हल्ली आतड्यावर फोडलं जातं, पण बहुतेक ठिकाणी जीवाणू बिघडल्याने आजार झाला की आजाराने जीवाणू बिघडले, हे ठरलेलं नाही. एक अपवाद पक्का आहे. प्रतिजैविकांनी आतडं ओस पडलं की क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल माजतो आणि जुलाबांनी माणूस खंगतो. नेदरलँड्समध्ये अशा 16 रुग्णांच्या आतड्यात निरोगी माणसाच्या विष्ठेचं द्रावण सोडलं. पहिल्याच खेपेला 13 बरे झाले. नुसत्या व्हँकोमायसिन या प्रतिजैविकावर 13 पैकी 4. चाचणी मुदतीआधीच थांबवली, 2013 मध्ये निष्कर्ष छापले.

हे जीवाणू औषधांतही हात घालतात. हृदयरोग्यांना डिगॉक्सिन देतात. काहींना नेहमीची मात्रा लागूच पडत नाही, कारण त्यांच्या आतड्यातला एगर्थेला लेंटा हा जीवाणू औषध रक्तात जाण्याआधीच ते निकामी करतो. डॉक्टरांनी मिलिग्रॅममध्ये मोजून दिलेल्या गोळीतही त्याचा वाटा असतो.