वजनकाट्याला न कळणारा फरक

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागण्याचे सूत्र बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले ते लोकसमूहाच्या सरासरी बांध्याचा अभ्यास करण्यासाठी; 1972 मध्ये अँसेल कीज यांनी त्याला ‘बीएमआय’ हे नाव दिले आणि पुढे दवाखान्यांत एकेका व्यक्तीची प्रकृती जोखण्यासाठी ते सर्रास वापरले जाऊ लागले. चरबी आणि स्नायू यांतील फरक मात्र या सूत्राला मुळातच कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण देऊन ते दाखवले: दोघांचाही बीएमआय 22.3, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के होती.

चरबी आणि स्नायू या दोन स्वतंत्र मोजपट्ट्या मानल्या, तर प्रौढांचे चार गट पडतात. दोन्ही भरपूर, दोन्ही कमी, किंवा स्नायू भरपूर व चरबी बेताची, हे गट अनुभवी डॉक्टरांच्या बहुधा नजरेत येतात. चरबी जास्त आणि स्नायू कमी असलेला चौथा गट मात्र फसवा असतो, कारण वयोमानाने झिजलेल्या स्नायूंची तूट चरबीने भरून निघते आणि काटा वर्षानुवर्षे तोच आकडा दाखवतो. जेवणानंतर रक्तातील साखर मोठ्या प्रमाणात स्नायूच शोषून घेत असल्यामुळे ही अदलाबदल मधुमेहाला पोषक ठरते.

स्नायूंचे मापन चरबीपेक्षा किचकट आहे. डेक्सा तपासणीत दोन भिन्न ऊर्जांचे क्ष-किरण शरीरातून सोडतात आणि हाडे, चरबी व उर्वरित मऊ ऊती ते कमीअधिक अडवत असल्याने तिन्हींचे वस्तुमान वेगळे काढता येते. पण या ‘उर्वरित’ भागात यकृत आणि मूत्रपिंडेही येतात. म्हणून धड वगळून केवळ हातापायांतील असे वस्तुमान घेतात, कारण तेथे ते बहुतांशी स्नायूंचेच असते, आणि त्याला उंचीच्या वर्गाने भागतात. आशियाई तज्ज्ञगटाच्या 2019 च्या निकषांनुसार हा भागाकार पुरुषांत 7.0 आणि स्त्रियांत 5.4 पेक्षा कमी असल्यास स्नायू अपुरे मानले जातात. व्यायामशाळांतील यंत्रे सौम्य वीजप्रवाह सोडून शरीरातील पाण्यावरून केवळ अंदाज बांधतात, त्यामुळे त्यांच्या दशांशापर्यंतच्या आकड्यांवर फारसे विसंबू नये.

शिवाय स्नायू किती आहेत एवढ्यावर निदान थांबत नाही. त्याच निकषांत हाताच्या पकडीची ताकदही मोजली जाते आणि ती पुरुषांत 28 किलोग्रॅमपेक्षा, स्त्रियांत 18 किलोग्रॅमपेक्षा कमी भरल्यास क्षीण समजली जाते.