लाल टिकला, तपकिरी विरला

बाल्टिमोरच्या कला संग्रहालयातल्या जुन्या गोधड्या पाहून आलेल्या एका वाचक भगिनींचा प्रश्न आहे : "लाल फुलं कालच शिवल्यासारखी, आणि शेजारच्या तपकिरी फांद्या मात्र विरून भोकं पडलेली. एकाच गोधडीत, एकाच उजेडात राहून असं कसं?"

या 'बाल्टिमोर अल्बम' गोधड्या मुख्यतः 1840 च्या दशकाचा उत्तरार्ध आणि 1850 च्या दशकाची सुरुवात, एवढ्या थोड्या काळातल्या. पांढऱ्या सुती कापडाच्या चौकोनावर रंगीत कापडाचे कातरलेले तुकडे बारीक टाक्यांनी बसवायचे. कुठे फुलांची परडी, कुठे गरुड, कुठे शहरातलं एखादं स्मारक. प्रत्येक चौकोनाची नक्षी वेगळी, आणि पुष्कळदा शिवणारीही वेगळी. कित्येकांवर शाईने नाव. आपल्याकडे रंगरसायनाची गोष्ट 1856 पासून, विल्यम पर्किनच्या जांभळ्या रंगापासून सांगायची पद्धत आहे. पर्किन मोठाच होता, पण त्याचा गाजावाजा जरा जास्त झालाय. या बायकांच्या कातरणीखाली आलेलं कापड त्याच्या आधीचं, आणि त्यात रसायनशास्त्र ठासून भरलेलं होतं.

आधी लाल घेऊ. मंजिष्ठेच्या जातीतल्या मुळांचा लाल रंग सुतावर नुसता उकळून चढवला तर धुण्यात निघून जातो. मध्ये तुरटी लागते. तिच्यातलं अ‍ॅल्युमिनियम धाग्यालाही चिकटतं आणि रंगाच्या रेणूलाही. 'तुर्की लाल' करताना त्याआधी कापडाला पुन्हा पुन्हा तेल पाजायचे आणि वाळवायचे. या कामात आठवडे जायचे. शेवटी धाग्यात अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम आणि रंग यांचं असं संयुग बसायचं, की त्याला ना साबण हलवी ना ऊन.

हे तुरटीचं मर्म युरोपला नीट कळलं ते बरंचसं हिंदुस्थानातून. गास्तों-लोरां केर्दू नावाचा फ्रेंच जेझुइट पाद्री कोरोमंडल किनाऱ्यावर होता. ख्रिस्ती झालेल्या रंगाऱ्यांकडून त्याने एकेक कृती काढून घेतली आणि 1742 साली पत्राने मायदेशी कळवली : आधी कापड हिरडा आणि म्हशीचं दूध यांच्या मिश्रणात बुडवायचं, मग तुरटी, मग मूळ. (संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचं नातंही याच गृहस्थाने भाषापंडित विल्यम जोन्सच्या आधी लिहून पाठवलं होतं. दोन्ही बाबतींत त्याचं नाव मागेच राहिलं.) ज्या रंगाऱ्यांनी ही विद्या सांगितली त्यांची नावं तर कुणालाच ठाऊक नाहीत.

पुढे या विद्येला शास्त्राचा साज चढवला एडवर्ड बँक्रॉफ्टने. स्वतःहून धाग्याला धरणारे रंग आणि मध्यस्थाशिवाय न धरणारे रंग, ही विभागणी त्याने 1794 च्या ग्रंथात मांडली. अमेरिकेतल्या काळ्या ओकच्या सालीतला पिवळा रंगही त्यानेच बाजारात आणला, आणि 1785 साली ब्रिटिश संसदेकडून त्याची मक्तेदारी पदरात पाडून घेतली. पण माणूस काय होता! अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात पॅरिसमध्ये तो बेंजामिन फ्रँकलिनच्या शिष्टमंडळात काम करायचा आणि बातम्या लंडनला पुरवायचा. प्रेमपत्राच्या ओळींमध्ये अदृश्य शाईने मजकूर लिहायचा आणि पत्र बाटलीत घालून त्विलरी बागेतल्या झाडाच्या ढोलीत सोडायचं. फ्रँकलिनला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. बिंग फुटलं 1889 साली, तोवर बँक्रॉफ्टला जाऊन अडुसष्ट वर्षं झाली होती. पाण्याने न उठणारे रंग आणि डोळ्यांना न दिसणारी शाई, दोन्हींत सारखाच मुरलेला दुसरा रसायनज्ञ मला तरी माहीत नाही.

ओकच्या सालीतल्या अशा पिवळ्याशी गोधडीत गाठ पडते ती हिरव्या पानांत. त्या काळी छापील कापडावरचा हिरवा बहुधा दोन रंगांचा असे, निळ्यावर पिवळा. सालीतला पिवळा उजेडात आधी उडतो आणि पान निळसर होतं. निळा जर 'प्रशियन' असेल तर उलटंही घडतं : सोड्याच्या पाण्यात तो मोडतो आणि मागे तांबूस लोखंड उरतं. म्हणून एकाच गोधडीत निळी, पिवळट आणि हिरवी पानं शेजारी-शेजारी दिसली तर ती शिवणारीची हौसच असेल असं नाही.

आता तपकिरी. तिथे तुरटीच्या जागी लोखंड असे, म्हणजे हिराकशीसारखा क्षार, आणि जोडीला बऱ्याचदा टॅनिन. रंग झकास गडद येतो आणि पक्काही बसतो. पण धाग्यात राहिलेलं लोखंड हवेतल्या ऑक्सिजनला हाताशी धरून सेल्युलोजच्या साखळ्या तोडत राहतं आणि आम्ल त्यात भर घालतं. रंग शाबूत, कापड मात्र खलास. उजेडाने हे वेगाने होतं, म्हणून संग्रहालयं अशी वस्त्रं साधारण 50 लक्सच्या मंद उजेडात काही महिने मांडतात आणि मग बराच काळ अंधारात ठेवतात. तुटलेल्या साखळ्या मात्र पुन्हा जोडता येत नाहीत. जतन करणारे लोक त्या जागी जवळजवळ न दिसणारी बारीक जाळी टाकून कडेने टाके घालतात. विरलेल्या भागात सुई घालायचीच नाही, कारण सुईच्या भोकापासूनच ते फाटत जातं.