रद्दीतून वाचलेल्या चित्रकथा

कोणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कोणी जुनी नाणी, तर कोणी आगपेट्यांवरील चित्रे. जुन्या आणि विस्मृतीत गेलेल्या चित्रकथा जमविणे हाही असाच एक छंद आहे. चित्रकथांची ही लहान पुस्तके कॉमिक्स या नावाने आपल्या परिचयाची आहेत. घटकाभर करमणूक करावी, हातोहात फिरून फाटावे आणि अखेर रद्दीच्या तराजूत पडावे, एवढेच बहुधा त्यांचे आयुष्य. अशी पुस्तके कोणी का जपावीत, असा प्रश्न सहजच मनात येतो. त्याचे उत्तर त्या पुस्तकांच्या इतिहासात सापडते.

जून १९३८ चा ‘ॲक्शन कॉमिक्स’ या मासिकाचा पहिला अंक अमेरिकेत प्रसिद्ध झाला. सुपरमॅन हा विख्यात नायक त्यातूनच प्रथम वाचकांसमोर आला. अंकाची किंमत होती अवघी १० सेंट. त्याच्या सुमारे २,००,००० प्रती छापल्या गेल्या होत्या. त्यांपैकी आज जेमतेम शंभर प्रती शिल्लक असाव्यात, असा जाणकारांचा अंदाज आहे. मग बाकीच्या प्रती गेल्या कोठे?

त्यांच्या नाशाची तीन मुख्य कारणे होती. पहिले कारण म्हणजे कागद. या पुस्तकांसाठी लाकडाच्या लगद्याचा अगदी स्वस्त कागद वापरीत. त्यात लिग्निन नावाचे द्रव्य असते. उजेड आणि हवा लागली की ते पिवळे पडते. शिवाय अशा कागदातील आम्लामुळे त्याचे तंतू हळूहळू तुटतात आणि पाने ठिसूळ होतात. दुसरे कारण म्हणजे महायुद्ध. १९४१ च्या अखेरीस अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली आणि देशात कागदाची टंचाई भासू लागली. तेव्हा शाळकरी मुलांनी दारोदार हिंडून रद्दी गोळा केली आणि तिच्यात आपल्या लाडक्या चित्रकथाही देऊन टाकल्या. तिसरे कारण म्हणजे वडीलधाऱ्यांचा रोष. चित्रकथांमुळे मुले बिघडतात, अशी समजूत त्या काळी बळावली होती. १९४८ मध्ये स्पेन्सर नावाच्या गावी तर शाळेतील मुलांनीच सुमारे २,००० पुस्तकांची होळी केली.

असे असूनही काही पुस्तके वाचली. कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहरी एडगर चर्च नावाचे एक चित्रकार राहत असत. जाहिरातींसाठी चित्रे काढणे हा त्यांचा व्यवसाय. नव्या चित्रकथा विकत घेऊन घरातील एका बंदिस्त खोलीत त्यांची चवड रचून ठेवण्याचा क्रम त्यांनी अनेक वर्षे चालविला. डेन्व्हरची हवा कोरडी, खोलीत अंधार, आणि पुस्तके एकमेकांवर घट्ट रचलेली. त्यामुळे कागदाला ऊन, दमट हवा वा धूळ यांपैकी कशाचाही उपसर्ग झाला नाही. १९७७ मध्ये हा संग्रह उजेडात आला, तेव्हा त्यात १८,००० ते २२,००० पुस्तके होती आणि कित्येक तर नुकतीच छापल्यासारखी कोरी करकरीत दिसत होती.

परंतु या छंदाचे खरे मोल कळते ते अप्रसिद्ध पुस्तकांमुळे. सुपरमॅनला जगाने कधीच विसरले नसते. फ्लेचर हँक्स या चित्रकाराचे मात्र तसे नव्हते. १९३९ ते १९४१ या अल्प काळात त्याने सुमारे ५० विलक्षण चित्रकथा रचल्या. त्यांपैकी अनेकींवर त्याने स्वतःचे नावही घातले नव्हते. निरनिराळी टोपणनावे घेऊन तो लिही. पुढे त्याने हे क्षेत्र सोडले आणि लोक त्याला विसरले. १९७६ मध्ये न्यूयॉर्क शहरातील एका बागेतील बाकावर, कडाक्याच्या थंडीत, त्याचा अंत झाला. त्यानंतर ३१ वर्षांनी, २००७ साली, पॉल करासिक यांनी त्याच्या निवडक कथा एकत्र करून ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. ज्या मासिकांची कोणाला आठवणही उरली नव्हती, त्यांचे अंक जपणारे संग्राहक होते म्हणूनच हे घडू शकले. त्यांनी ते जपले नसते, तर एका कलावंताचे सारे काम नाहीसे झाले असते आणि काही नाहीसे झाले आहे, हेसुद्धा कोणाला समजले नसते.

‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची एक प्रत २०२४ मध्ये ६० लाख डॉलरांना विकली गेली. असे आकडे ऐकून या छंदाकडे केवळ धनप्राप्तीचे साधन म्हणून पाहणारेही आहेत. तथापि बहुतेक जुन्या चित्रकथांना असे मोल येत नाही. त्या काळची मुले कशाला हसत, कशाला भीत, कोणत्या वस्तूंच्या जाहिराती त्यांना भुरळ घालीत, हे त्या पानांतून कळते. आणि हे ज्ञान काही किमतीवर अवलंबून नसते.

आपल्याकडे मुंबईतून मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ निघू लागले. मराठीसह अनेक भारतीय भाषांत ते प्रसिद्ध होत असे. १९९० मध्ये ते बंद पडले. त्याचे जुने अंक आज संग्राहक मोठ्या हौसेने शोधतात. आपल्या पावसाळी हवेत असे अंक टिकविणे सोपे नाही. दमट हवेने तारेचे टाके गंजतात आणि पानांना कसर व वाळवी लागते. म्हणून पुस्तके कोरड्या, अंधाऱ्या व थंड जागी ठेवावीत. ती हाताळण्यापूर्वी हात धुऊन पुसावेत. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. कारण तिचा डिंक कालांतराने कागदाला डागाळतो.

रद्दी देण्यापूर्वी घरातील जुने कागद एकदा नीट चाळून पाहावेत. वर्षानुवर्षे कोणी न उघडलेला एखादा अंक त्यात असू शकेल. तो कोणी काढला, केव्हा छापला आणि तो घरात कोणी आणला, एवढे विचारून वहीत टिपून ठेवले, तरी संग्रहाला आरंभ झाला असे समजावे.