खोटी विजार की पडकोट?

श्रीरंगपट्टणच्या 1799 च्या वेढ्याची इंग्रजी वर्णने वाचताना ‘फोस-ब्रे’ हा शब्द आडवा येतो. शब्द मूळ फ्रेंच. शब्दशः अर्थ ‘खोटी विजार’. फ्रेंच मी कोशाच्या आधारानेच शिकलो, तरी या शब्दाचा पिच्छा सोडवेना.

यातला ‘ब्रे’ फार जुना. गॉल लोक घालीत त्या विजारीला रोमन ‘ब्राका’ म्हणत. टोगा नेसणाऱ्यांना तिचे इतके नवल, की दक्षिण गॉलला त्यांनी ‘गॅलिया ब्राकाटा’, म्हणजे विजारवाल्यांचा गॉल, असे नावच दिले! याच ब्राकाचे फ्रेंचमध्ये ‘ब्रे’ झाले, आणि पुढे तटाच्या पायथ्याशी बांधलेल्या ठेंगण्या भिंतीलाही तेच नाव मिळाले. विजार कमरेखालचे अंग झाकते, ही भिंत तटाचे. मला हे ओढूनताणून वाटत नाही.

घोटाळा होतो तो ‘फोस’मुळे. त्याचे ‘नकली भिंत’ असे भाषांतर केले, तर ती शत्रूला फसवण्यासाठी उभारली असे वाचकाला वाटणार. वास्तविक फ्रेंच दुर्गपरिभाषेत ‘फोस-पोर्त’ म्हणजेही दुय्यम दार, आपला चोरदरवाजा. तसाच हा मुख्य तटाबाहेरचा, खंदकाच्या अलीकडचा, सखल दुय्यम तट. तिथले बंदूकवाले खंदकावर जवळून, जमिनीलगत मारा करीत. सतराव्या शतकात डच लोकांनी तो मातीच्या तटांना जोडला. दगडी तटाला मात्र तो बाधे: वर तोफगोळा बसला की कपच्या उडून खालच्याच शिबंदीच्या डोक्यावर पडत. वोबाँने त्याऐवजी खंदकात तटापासून सुटे बांधकाम पसंत केले.

मराठीत याला जवळचा शब्द ‘पडकोट’. पण तो अधिक ऐसपैस आहे; पद्मदुर्गाचा पडकोट हा मुख्य किल्ल्याबाहेरचा वेगळा भागच आहे. म्हणून मी ‘तटालगतचा सखल पडकोट’ असे लांबलचक लिहितो. कानाला जड, पण अर्थाला चोख.

हा काथ्याकूट निव्वळ शब्दांचा नाही. श्रीरंगपट्टणात या सखल भिंतीमागे बाहेरचा मुख्य तट होता. 4 मे रोजी खिंडारातून त्या तटावर चढलेल्या इंग्रजांना आत आणखी एक खंदक आणि आणखी एक तट दिसला. फोस-ब्रेला नकली समजून सोडून दिले, किंवा त्यालाच बाहेरचा तट मानले, की भिंतींची मोजणी चुकते. मग टिपूची माणसे कोणत्या दोन भिंतींमध्ये अडकली, हेच कळेनासे होते.