तान्ह्याच्या हृदयाची सोनोग्राफी : भिऊ नका, टाळूही नका

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पोखर्णी नृसिंह नावाचे लहानसे स्टेशन आहे. समजा, या पोखर्णीतील एका बाळंतिणीच्या हातात अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर एवढेच लिहिले आहे : ‘टूडी इको करून घेणे.’

घरी काय होते? सासूबाई म्हणतात, “एवढ्याशा लेकराला मशिनीत घालतेत का?” शेजारीण म्हणते, “दृष्ट लागली असंल, आधी उतरून टाका.” बाळाचे वडील विचारतात, “पैसे किती लागतील?” आणि चिठ्ठी पत्र्याच्या पेटीत जाऊन पडते. अशा चिठ्ठ्या पोखर्णीतच नव्हे, कोणत्याही गावात पेटीत पडू शकतात. म्हणून मायबहिणींनो, ही तपासणी नेमकी काय आहे ते आज समजून घेऊ.

आवाजाने काढलेले चित्र

टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. विहिरीत हाक मारली की हाक परत येते. त्याच तत्त्वावर हे यंत्र चालते. छातीवर ठेवलेल्या लहानशा उपकरणातून आवाजाच्या लहरी आत जातात, हृदयाच्या भिंतींवर आणि झडपांवर आदळून परत येतात आणि त्यांवरून पडद्यावर हलते चित्र उमटते. हा आवाज आपल्या कानांना ऐकू येत नाही. माणसाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचाच आवाज ऐकू येतो. तान्ह्या बाळासाठी वापरतात त्या लहरींची कंपने सेकंदाला ८० लाख ते १ कोटी २० लाख इतकी असतात. कंपने जितकी जास्त तितके चित्र बारीक, पण लहरी फार खोल जात नाहीत. बाळाची छाती पातळ असल्याने तिथे अशा लहरी पुरतात. यात क्ष-किरण नाहीत, सुई नाही, चिरफाड नाही.

या शोधाची कथाही वाचण्यासारखी आहे. १९५३ साली स्वीडनमधील लुंड या गावी डॉ. इंगे एडलर आणि पदार्थविज्ञानाचे अभ्यासक हेल्मुथ हर्ट्झ यांनी अशा लहरींनी प्रथम हृदयाची हालचाल टिपली. त्यासाठी हर्ट्झ यांनी आधी जहाजाच्या कारखान्यातील यंत्र उसने आणून पाहिले होते. लोखंडातील तडे शोधण्याचे ते यंत्र! लोखंडासाठी बनलेली युक्ती माणसाच्या काळजाच्या कामी आली.

या तपासणीचा दुसरा भाग म्हणजे डॉप्लर. गाडी शिटी वाजवत स्टेशनाकडे येते तेव्हा शिटीचा सूर चढा लागतो आणि पुढे निघून जाताच तो उतरतो. या गुणधर्माचे विवेचन ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ साली केले. रक्ताचा प्रवाह कोणत्या दिशेला आणि किती वेगाने जातो हे याच नियमाने कळते. पडद्यावर उपकरणाकडे येणारे रक्त लाल आणि दूर जाणारे निळे दिसते. लाल म्हणजे शुद्ध आणि निळे म्हणजे अशुद्ध असा त्याचा अर्थ नाही. तेव्हा पडद्यावर निळे पाहून घाबरू नये.

डॉक्टर काय मोजतात?

आईच्या पोटात बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही. म्हणून रक्ताने फुप्फुसांना वळसा घालून जावे यासाठी दोन वाटा असतात : एक हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्यात, दुसरी हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांमध्ये. जन्मानंतर या वाटा मिटू लागतात. रक्तवाहिन्यांमधील वाट पूर्ण दिवसांच्या बहुतेक बाळांत दोन-तीन दिवसांत बंद होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात ती उघडी राहण्याचा संभव अधिक. म्हणून पहिल्या दिवशीच्या इकोत ‘वाट उघडी आहे’ असे आले तर तो लगेच रोग ठरत नाही. डॉक्टर पुन्हा बोलावतात. हे पुन्हा जाणे चुकवू नये.

दुसरी गोष्ट हृदयाच्या जोराची. डावा खालचा कप्पा सर्व शरीराला रक्त पुरवतो. तो फुगलेला असताना २० मिलिमीटर रुंद आहे आणि आकसल्यावर १३ मिलिमीटर झाला, तर तो ३५ टक्के आकसला. साधारण २८ टक्क्यांच्या वर हा आकडा असला तर जोर ठीक समजतात. जन्मताच न रडलेले, गुदमरलेले किंवा रक्तात जंतुसंसर्ग झालेले बाळ अतिदक्षता कक्षात असते तेव्हा सलाइन वाढवावे की हृदयाला बळ देणारे औषध द्यावे, हे ठरवताना अशी मापे उपयोगी पडतात. आईला मधुमेह असेल तर बाळाच्या हृदयाचे स्नायू जाड झालेले असू शकतात. तेही इकोत दिसते.

तिसरी गोष्ट फुप्फुसांकडील रक्तदाबाची. उजव्या बाजूच्या झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला ३ मीटर असेल तर वेगाचा वर्ग करून त्याला ४ ने गुणतात. उत्तर येते ३६. झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातील हा फरक झाला आणि त्यावरून फुप्फुसांकडील दाबाचा अंदाज बांधतात. शाळेतले गणित बाळाच्या जिवाच्या कामी येते ते असे.

तपासणीच्या वेळी

बाळाला पोटभर दूध पाजून, गुंडाळून न्यावे. झोपलेले बाळ सर्वांत उत्तम. छातीवर आणि बरगड्यांखाली थंडगार मलम लावतात, त्याने बाळ दचकते एवढेच. फारच रडणाऱ्या बाळाला कधी डॉक्टर आपल्या देखरेखीखाली झोपेचे औषध देतात. ते घरून देऊन नेऊ नये. नवजात बाळाचे हृदय मिनिटाला १२० ते १६० वेळा धडधडते. त्यामुळे नीट पाहायला अर्धा-पाऊण तास लागू शकतो. डॉक्टरांना घाई करू नका.

कोणत्या बाळाची करावी?

दर हजार बाळांमागे साधारण ८ ते १० बाळांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. सर्वांनाच शस्त्रक्रिया लागत नाही; हृदयातील लहान छिद्रे पुष्कळदा आपोआप बुजतात. पण कोणते छिद्र बुजेल आणि कोणते बाळाला खाईल, हे बाहेरून कळत नाही. पुढील खुणा दिसल्या तर दवाखाना गाठावा :

दूध ओढता ओढता बाळ दमते, सोडून देते, कपाळावर घाम येतो. वजन वाढत नाही. ओठ किंवा जीभ निळी पडते. सतत न्यूमोनिया होतो. शांत असताना दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा ५० किंवा अधिक चालतो. ओठ किंवा जीभ निळी पडली अथवा श्वास असा धापेचा चालला, तर चिठ्ठीची वाट न पाहता त्याच दिवशी न्यावे.

आपल्याकडे बाळाची छाती उडू लागली की ‘डबा झाला’ म्हणतात आणि कुठे कुठे पोटावर डागही देतात. डागाने हृदयाचे छिद्र बुजत नाही. जखम मात्र होते आणि मोलाचे दिवस जातात.

चिठ्ठी कुठे न्यायची?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलांना तपासतात. हृदयात वेगळा आवाज ऐकू आला तर पुढे पाठवतात. चिठ्ठी घेऊन आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला भेटा. तेथून जिल्हा रुग्णालयाचा मार्ग मिळतो. शस्त्रक्रिया लागलीच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बालकांच्या हृदयशस्त्रक्रियांचा समावेश आहे. शिधापत्रिका, आधार कार्ड आणि बाळाचा जन्मदाखला जवळ ठेवा. नवी मुंबईत खारघर येथील श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य होतात. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी तर चिठ्ठी पेटीत न ठेवता सोबतच न्यावी. पथक गावात येईल त्या दिवशी तुमचे लेकरू दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडावर असू शकते.

मुलीची चिठ्ठी

आता सर्वांत महत्त्वाचे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेचा सल्ला दिलेल्या ४०५ बालकांची त्यांनी पाहणी केली. मुलांपैकी ७० टक्क्यांची शस्त्रक्रिया झाली. मुलींपैकी केवळ ४४ टक्क्यांची. आजार तोच, सल्ला तोच, रुग्णालयही तेच. फरक होता तो फक्त मुलगा की मुलगी एवढाच!

सोनोग्राफीच्या यंत्राने आपल्या समाजात मुलींचा घात केलेला आहे. म्हणून महाराष्ट्राने १९८८ साली आणि देशाने १९९४ साली कायदा केला. तेच यंत्र आज जन्मलेल्या मुलीचे हृदय वाचवू शकते. पण त्यासाठी तिला यंत्रापर्यंत कुणीतरी न्यायला हवे. ‘पोरीच्या छातीवर शस्त्रक्रियेची खूण राहील, पुढे लग्न कसे जमणार?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांना एकच उत्तर द्यावे : आधी पोर तर जगू द्या.

तेव्हा मायबहिणींनो आणि बंधूंनो, हा अंक खाली ठेवल्यावर एक काम करा. घरातली पेटी उघडा. अशी एखादी चिठ्ठी तळाशी असेल तर बाहेर काढा आणि उद्याच परभणीची गाडी धरा. चिठ्ठी मुलीच्या नावाची असेल तरीही उद्याचीच.